एक विरुद्ध शून्य

आमच्या घरात गेली चाळीस-एक वर्षं एक हिशेब मिटायचा राहिला आहे. मी जन्मभर बँकेत नोकरी केली. संध्याकाळी पाच पैशांचा फरक लागला तरी दिवे लावून बसणारी आमची पिढी. पण घरचा हा हिशेब दरवर्षी जसाच्या तसा पुढच्या पानावर ओढला जातो. सौ. – एक. मी – शून्य.

त्याचं असं झालं. १९८४ च्या मे महिन्यात आमचं लग्न झालं. श्रावणातली पहिली मंगळागौर माहेरी, म्हणून ही सोलापूरला गेली आणि चार दिवसांनी मी ‘न्यायला’ गेलो. जावयाला लोक सिनेमाला नेतात, देवळात नेतात, निदान सिद्धेश्वराच्या तळ्यावर तरी फिरवून आणतात. माझे सासरे शाळामास्तर. त्यांनी रात्री पानावर बसल्या बसल्या विचारलं, “पहाटे चारला उठाल का? माळढोक दाखवतो.”

मला वाटलं, माळढोक हे एखादं जागृत देवस्थान असावं. नवा जावई नाही म्हणत नसतो. मी एवढंच विचारलं, “सोवळं लागेल का?” त्यावर माजघरात जे हसणं उसळलं ते अजून माझ्या कानांत आहे. मेव्हणा तर ताटावरून उठून बाहेर जाऊन हसून आला.

नान्नज सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर, बार्शीच्या रस्त्याला. सासरे सायकलवर पुढे आणि आम्ही नवदाम्पत्य मेव्हण्याच्या स्कूटरवर मागे. माळावर पोचतो न पोचतो तोच स्कूटर आचके देऊन बंद पडली. आता, बायकोच्या आणि सासऱ्याच्या देखत स्कूटर बंद पडणं ही तरुण माणसाच्या अब्रूची गोष्ट असते. मी बाह्या सरसावल्या, पाना काढला, प्लग खोलला आणि लग्नात मिळालेल्या रेशमी रुमालाने तो पुसायला बसलो. एवढ्यात ही कुजबुजली, “अहो, बघा! अहो, बघा की!” मी म्हटलं, “थांब गं, प्लग पुसतोय.” ती परत म्हणाली. मी परत म्हटलं. तिसऱ्यांदा ती काहीच म्हणाली नाही. मी मान वर केली तेव्हा समोर माळ होता, गवत होतं, आणि सासरे पाठमोरे उभे राहून वहीत काहीतरी लिहीत होते.

माळढोक येऊन गेला होता. चांगला कमरेएवढा उंच, नर, डोक्याला काळी टोपी, पांढरी लांब मान, गळ्याखालची पिशवी फुगून पार गुडघ्यांपर्यंत लोंबलेली. आणि तो माळावर घुमला म्हणे. घुमला तेव्हा मी स्कूटरच्या प्लगमध्ये फुंकर मारत होतो. “पुन्हा येऊ की,” मी परतताना म्हणालो. “माळढोक कुठं पळून जातोय?”

हे वाक्य मला गेल्या चाळीस वर्षांत किमान चारशे वेळा ऐकवण्यात आलं आहे. मी किल्ली विसरलो की, गॅसचा नंबर लावायचा राहिला की, एकदा तर चक्क माझ्या साठीच्या समारंभात. “माळढोक कुठं पळून जातोय?” आणि गंमत अशी, की तो खरोखरच पळून गेला.

आम्ही नान्नजला पुन्हा गेलो ते माझ्या निवृत्तीनंतर. मधल्या काळात बदल्या झाल्या, मुलगा झाला, कर्ज काढून घर झालं. माळढोकाला रजा शिल्लक राहिली नाही. गेलो तर काळवीट दिसले, चंडोल दिसले, गवत सुरेख राखलेलं होतं, आणि माळढोक नव्हता. अलीकडच्या मोजण्यांत तिथे एखाद-दुसराच सापडतो म्हणतात. १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झालं ते साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरातलं. त्यात गावं आली, शेतं आली, तालुक्याची ठिकाणंसुद्धा आली. लोक म्हणायला लागले, या पाखरामुळं आमची जमीन विकता येईना. मग पुढं हद्द आखडत आखडत बाराशेवर आली. सगळ्यांचं थोडं थोडं बरोबर होतं. माझा अनुभव असा, की जिथं सगळ्यांचं थोडं थोडं बरोबर असतं तिथं हिशेब हमखास चुकतो.

तर आता माळढोक पाहायचा म्हणजे जैसलमेर. तिकडे त्याला गोडावण म्हणतात आणि तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे. खरं तर तो देशाचाच व्हायचा. सलीम अलींनी त्याचं नाव सुचवलं होतं, पण १९६३ मध्ये मान मिळाला मोराला. असं सांगतात, की माळढोकाचं इंग्रजी नाव लिहिताना एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर सरकारी कागदावर भलतीच शिवी उमटायची, या भीतीनं अधिकारी मागे सरले. खरंखोटं ते जाणोत. आमच्या बँकेत टायपिस्टच्या एका चुकीनं एका सभ्य खातेदाराचं आडनाव असं काही झालं होतं की मला हे सहज पटतं.

आणि चंबळ कुठून आली? तर ती सासऱ्यांच्या वहीतून आली.

सासऱ्यांची पक्ष्यांची वही म्हणजे दोनशे पानी, शाळेत मिळायची तसली, खाकी पुठ्ठ्याची. पुढच्या बाजूनं ‘पाहिलेले’ आणि वही उलटी करून मागच्या बाजूनं ‘पाहायचे’. ‘पाहिलेले’ मध्ये पानंच्या पानं भरलेली. १९७८ साली शिक्षकांच्या सहलीबरोबर भरतपूरला गेले होते, तिथली नोंद अशी : ‘सैबेरियन क्रौंच. पांढरेशुभ्र. थंडीने दात वाजत होते, मोजता आले नाहीत.’ २००२ नंतर हे क्रौंच भरतपूरला आलेच नाहीत. सहलीतल्या बाकीच्या मास्तरांनी त्या दिवशी ताजमहालासाठी पुढची बस पकडली होती. ताजमहाल अजून आहे. १९८४ च्या श्रावणातल्या त्या दिवशी लिहिलंय : ‘नान्नज. माळढोक ४. जावई बरोबर होते.’ बास. जावयानं पाहिला, असं लिहिलेलं नाही. मास्तर माणूस, खोटं लिहायचे नाहीत.

मागच्या बाजूला ‘पाहायचे’ मध्ये सात नावं होती. सहा खोडलेली. सातवं : ‘पाणचिरा – चंबळ. निवृत्तीनंतर.’ निवृत्तीला आठ महिने उरलेले असताना १९९१ मध्ये सासरे गेले.

ही वही सौ.च्या कपाटात, शालूच्या खाली असते. ती फारशी काढत नाही. गेल्या वर्षी काढली, कारण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय म्हणाले. उजव्या डोळ्याचं बरंच पुढं गेलंय, डाव्याची सुरुवात आहे. इंजेक्शनं देतात, त्यानं झीज लांबवता येते. “मधलं धूसर होतं, कडेचं दिसत राहतं,” डॉक्टर म्हणाले. बाहेर आल्यावर मी रिक्षा बघायला लागलो. ही शांतपणे म्हणाली, “अहो, माळढोकाचंही असंच असतं.”

ते मला नंतर कळलं. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. उडताना त्याला बाजूचं दिसतं, खालचं दिसतं. नाकासमोरचं नीट दिसत नाही. वजन पंधरा किलोपर्यंत. एवढं धूड हवेत असताना समोर विजेची तार आली तर आधी दिसत नाही, आणि दिसली तर ऐन वेळी वळता येत नाही. आता ते वाळवंट म्हणजे पवनचक्क्यांचं आणि सौर विजेचं कोठार. तिथं वीज तयार होते, ती तारांतूनच बाहेर येणार. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं त्या भागातल्या तारा जमिनीखाली घ्यायला सांगितल्या. २०२४ मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. जंगलात उरलेत सगळे मिळून दीडशेच्या आतच. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसली तेव्हा नारळ मी फोडला होता. त्या दिवशी रात्री मला जरा चमत्कारिक वाटलं.

तर, सहल ठरली. ‘ठरली’ हा शब्द मी सैल अर्थानं वापरतोय. मराठी माणसाची सहल आधी ठरते आणि मग ती कशी जमत नाही हे सहा महिने पाहिलं जातं.

पहिल्यांदा मी रीतसर एका यात्रा कंपनीत गेलो. काउंटरवरच्या मुलीनं ‘राजस्थान, नऊ रात्री’ असं रंगीत पत्रक पुढं सरकवलं. त्यात जैसलमेरचा किल्ला होता, वाळूत उंटावरची फेरी होती, शेकोटीभोवतीचा नाच होता आणि तिसऱ्या दिवशी जेवणात पुरणपोळी होती. मी विचारलं, “पक्षी?” ती म्हणाली, “उदयपूरला मोर दिसतील, काका. आणि नॉनव्हेज तिघांहून अधिक असले तर वेगळं करतो.” मी तिचे आभार मानले. पुरणपोळीपाशी मात्र मी दोन मिनिटं डळमळलो होतो, हे कबूल करतो.

मग मुलानं बेंगळुरूहून खास पक्षी दाखवणाऱ्यांचं पत्रक मिळवून पाठवलं. त्यात पुरणपोळी नव्हती. पहाटे साडेचारला निघणे, मातकट रंगाचे कपडे, अत्तर लावू नये, आणि पूर्ण शांतता. सौ.नं यादी ऐकून घेतली आणि म्हणाली, “शांततेचं तुम्हाला जमेल का?” मी म्हणालो, “तुला?” यावरून जे बोलणं सुरू झालं ते दीड तास चाललं. शेवटी आम्ही दोघांनी आपापलंच जायचं ठरवलं. निदान बोलल्याबद्दल रागावणारा परका माणूस तरी बरोबर नको.

आता तारीख. इथं खरं कसब लागतं. पक्ष्यांचं पंचांग वेगळं आणि आपलं वेगळं. वाळवंटात जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर ऊन भाजून काढतं. वाटेत फलोदीजवळ खीचन म्हणून गाव आहे, तिथं कुरजां उतरतात – करकोचे म्हणा, क्रौंच म्हणा – मध्य आशिया, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून आलेले, हजारोंनी. गावकरी त्यांच्यासाठी रोज दाणे टाकतात. २०२५ मध्ये खीचनचं नाव रामसरच्या यादीत गेलं. ते मार्चपर्यंत परत निघतात. म्हणजे त्याआधी गाठायला हवेत. उलट पाणचिरा चंबळेच्या वाळूवर घरटी करतो ती मार्चनंतर. पण फेब्रुवारीतही भेटू शकतो. तेव्हा सगळं जुळवून आणणारा महिना एकच, फेब्रुवारी.

मी भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं आणि पेन्सिल घेऊन बसलो. डिसेंबर आधीच बाद, पुतणीचं लग्न. जानेवारीत संक्रांत, आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. या काळात बायका घर सोडत नाहीत आणि पुरुष घरात थांबत नाहीत. फेब्रुवारीत नातवाची परीक्षा. वास्तविक परीक्षा बेंगळुरूला, नातू तिसरीत. पण आजीनं रोज फोनवर पाढे म्हणून घेतल्याशिवाय तो पास होत नाही, अशी समजूत आहे. त्यात महाशिवरात्र. त्यात सोसायटीची सर्वसाधारण सभा, जिचा मी खजिनदार. शेवटी पंधरा दिवसांची एक खिंड सापडली. मी तिच्याभोवती लाल वर्तुळ केलं.

सौ.नं वर्तुळाकडे पाहिलं. ती हल्ली कुठल्याही गोष्टीकडे पाहताना मान जरा वळवते, म्हणजे कडेच्या नजरेत ती येते. बघणाऱ्याला वाटावं, ही दुसरीकडेच बघतेय. “त्यात एकादशी आहे का बघा,” ती म्हणाली. एकादशी होती. “वाळवंटात वरीचे तांदूळ मिळतील का?” मी म्हटलं, बरोबर घेऊ.

एवढ्यात मेव्हण्याचा फोन. त्याला बातमी लागली होती. “भावजी, मी येतो. गाडी माझी घेऊ. मी चालवतो की!” स्कूटर याचीच. मी नम्रपणे सांगितलं, की या वेळी सार्वजनिक वाहनानं जायचा विचार आहे.

शेजारच्या काकांचं आणखी निराळंच. काका भारतभर हिंडलेले, आणि कुठल्याही सहलीत तुम्ही काय चुकवताय हे सांगणं हे त्यांचं व्रत. मी नकाशा पसरून त्यांना मार्ग सांगितला : वांद्र्याहून गाडीनं जैसलमेर, तिथून चाळीसेक किलोमीटरवर सम, आणि त्याच्या पुढं सुदासरीचा राखलेला माळ, वनखात्याची परवानगी काढून, दोन सकाळी, दोन संध्याकाळी. मग टॅक्सीनं खीचन, जोधपूर. रात्रीची गाडी धरून जयपूर, आणि भरतपूरवरून धोलपूर. धोलपूरला चंबळेवर होडी.

“म्हणजे भरतपूरला उतरणार नाही?” काका किंचाळले. “पक्षी पाहायला निघालात आणि भरतपूर टाळून जाता? काशीला जाऊन गंगेकडे पाठ करता?”

आतून सौ.चा आवाज आला. “भरतपूर बाबांनी पाहिलंय.”

काकांना यातलं काही कळलं नाही. मी समजावण्याच्या भानगडीत पडलो नाही. पट्टी लावून मोजलं तर जैसलमेर ते धोलपूर रस्त्यानं आठशेच्या आसपास किलोमीटर भरत होतं. एका पक्ष्यासाठी देशाच्या पार पश्चिमेला जायचं आणि दुसऱ्यासाठी तिथून आठशे किलोमीटर पूर्वेला. सासऱ्यांनी आयुष्यात सायकलच्या टापूतले पक्षी पाहिले. भरतपूर हा एकच अपवाद. मला वाटून गेलं, त्यांनी ‘निवृत्तीनंतर’ असं लिहिलं तेव्हा हे अंतर त्यांना ठाऊक होतं का? असणार. मास्तरांकडे ॲटलास होता.

धोलपूरला उतरायचं कुठं, हा प्रश्न सौ.च्या मावशींनी सोडवला. मावशी ग्वाल्हेरच्या. शिंद्यांबरोबर उत्तरेत गेलेल्या मराठी घरांपैकी एक घर; चार पिढ्या तिकडेच, गणपती बसतो, पुरण शिजतं, आणि भांडण हिंदीत होतं. ग्वाल्हेरहून धोलपूर साठ-पासष्ट किलोमीटर, मधे चंबळ. मी फोन लावला.

“चंबळला पाखरं पाहायला?” मावशी म्हणाल्या. “अरे बेटा, आमच्या लहानपणी चंबळच्या पुलावर गाडी आली की बाबा खिडक्या बंद करायला लावायचे. आणि तू मुद्दाम बघायला येतोस!”

मी जरा चाचरत विचारलं, “ते डाकू वगैरे आता...”

“डाकू नाही, बागी म्हणायचं,” मावशींनी दुरुस्त केलं. “चिंता करू नकोस. आता तुझ्याजवळ आहे काय लुटायला? दुर्बीण?”

मावशींनी मग चंबळेची कुंडलीच सांगितली. हिचं जुनं नाव चर्मण्वती. रंतिदेव राजानं एवढे यज्ञ केले की बळी दिलेल्या जनावरांच्या कातड्यांतून ही वाहिली. त्यामुळं ही शापित, अपवित्र. हिच्या काठी गंगेसारखे घाट नाहीत, मोठाली क्षेत्रं नाहीत. “म्हणून तर स्वच्छ राहिली,” मावशी म्हणाल्या. “पवित्र असती तर आम्हीच घाण केली असती.” मावशींचं वय शहाऐंशी. त्या जे बोलतात त्यावर मी वाद घालत नाही.

म्हणून तर तिथं सुसरी उरल्या आहेत, नाकाच्या टोकाला मडकं उपडं घातल्यासारख्या, आणि तो पाणचिरा. त्याची चोच अजबच. खालचा भाग वरच्यापेक्षा लांब. पाण्याला अगदी लगटून उडतो आणि खालची चोच पाण्यात घालून शिवणकामाच्या कात्रीनं कापड टरटर कापत न्यावं तसं नदीचं पाणी चिरत जातो. मासा लागला की मिटली चोच. घरटं म्हणजे नदीतल्या बेटावर वाळूत केलेला नुसता खळगा. पाणी उतरलं की बेटं काठाला चिकटतात, मग कुत्री-कोल्ही चालत येऊन अंडी खातात. हे सगळं मी रात्री मोठ्यानं वाचून दाखवतो. हिचं वाचन आता कमी केलंय डॉक्टरांनी. मारुती चितमपल्लींचा पक्षिकोश मी उशाशीच ठेवलाय. चितमपल्ली मूळचे सोलापूरचे. २०२५ मध्ये सोलापुरातच वारले. ही त्यांचा उल्लेख अजून ‘आमचे’ असा करते. “आमच्या चितमपल्लींनी काय लिहिलंय बघा की हो,” की मी पान काढतो. बँकेतली चाळीस वर्षं मी आकडे वाचले. आता मला चिमणी आणि चंडोल यांतला फरक आवाजावरून नाही, पण पान क्रमांकावरून सांगता येतो.

दुर्बीण घ्यायला गेलो तेव्हा दुकानदारानं आठ प्रकार मांडले. हिनं एकेक डोळ्याला लावून पाहिली आणि म्हणाली, “अहो, मला एकच डोळा कामाचा. अर्धी दुर्बीण अर्ध्या किमतीत मिळते का विचारा.” दुकानदार हसला. मीही हसलो. घरी येईपर्यंत रिक्षात मग आम्ही दोघं फारसं बोललो नाही.

शेवटचा प्रश्न रेल्वेच्या आरक्षणाचा. आरक्षण चार महिने आधी उघडतं, हे माझ्या डोक्यात कोरलेलं. मी बोटांवर एकशेवीस दिवस मोजले, पहाटे अंघोळ केली आणि बरोबर आठ वाजता यंत्रासमोर बसलो. तारीखच उमटेना. पाच वेळा प्रयत्न केला. मुलाला फोन केला तर तो म्हणाला, “बाबा, ते बदललं. १ नोव्हेंबर २०२४ पासून साठच दिवस आधी मिळतं.” मी अंघोळ वाया गेल्याच्या दुःखात दोन महिने काढले.

साठाव्या दिवशी मात्र मी सहालाच बसलो. सौ. शेजारी. आठला तारीख उघडली, मी बोट दाबलं, ते चक्र फिरू लागलं. आयुष्यात इतकी धडधड मला बढतीच्या मुलाखतीतही झाली नव्हती. दोन मिनिटांनी उमटलं : एक खालचा, एक वरचा, दोन्ही पक्के. “वरचा तुमचा,” ही म्हणाली. सदुसष्टाव्या वर्षी वरच्या बर्थवर चढताना मी कसा दिसेन हे मी मनात पाहिलं आणि गप्प राहिलो.

मग तिनं कपाटातून वही काढली. उलटी केली. ‘पाहायचे’ चं पान डोळ्यांपासून जरा बाजूला धरून पाहिलं आणि माझ्या हातात पेन्सिल दिली. “खाली लिहा.” मी पाणचिऱ्याच्या खाली लिहिलं : ‘माळढोक.’ पुढं कंसात ‘जावई’. आत्तापर्यंत त्या पानावर सासऱ्यांशिवाय कुणाचं अक्षर नव्हतं. माझं अक्षर बँकेतलं, सहीसारखं वाहत गेलेलं. मास्तरांनी छडी मारली असती.

समच्या प्रजननकेंद्रात २०१९ पासून माळढोकाची अंडी यंत्रात उबवून पिल्लं वाढवतात, हे मी हिला सांगितलं होतं. समजा माळावर नाहीच भेटला तर मनाची तयारी असावी म्हणून. ती म्हणाली, “ते वाढोत, देव त्यांना आयुष्य देवो. पण हिशेबात धरायचा तो माळावरचाच.” मी म्हटलं, “आणि माळावर दिसलाच नाही तर?” ती म्हणाली, “तर एक विरुद्ध शून्य. आहेच की.”

संध्याकाळी आम्ही गॅलरीत बसून सराव करतो. मला डावी-उजवी दिशा पटकन सांगता यायला हवी, आणि तिला मी कुठं बोट दाखवतोय ते न पाहता पक्षी शोधता यायला हवा. कारण माझं बोट, तिच्या मते, नेहमी पक्षी उडून गेल्यावर पोचतं. काल ही खुर्ची तिरकी करून बसली होती, नजर समोरच्या सेक्रेटरींच्या स्वयंपाकघरात असावी असं वाटत होतं. मी खजिनदाराच्या वहीत मान घालून बसलो होतो.

“कोतवाल,” ती म्हणाली.

“कुठं?”

“तारेवर की हो. शेपटी दुभंगलेली. आता बसलाय.”

“थांब, चष्म्यावर वाफ आलीय चहाची.”

“अहो, बघा की!”

मी सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसला, नीट नाकावर बसवला आणि वर पाहिलं. तार हलत होती.